विजेवरचें झांकण कशाचें करावें?



आमच्या घरीं वडिलांच्या वेळचा एक व्हॉल्वचा रेडिओ आहे. लांकडी पेटी, पुढें कापडाची जाळी, आंत पांच व्हॉल्व. कळ फिरविली कीं अर्धा मिनिट तो स्वस्थ असतो. मग आंत तांबूस उजेड पसरतो, पेटी किंचित् गुणगुणते आणि त्यानंतर माणसाचा आवाज येतो. माझी नात आतां चार वर्षांची आहे. तिला त्या आवाजापेक्षां उजेडाचें वेड अधिक, म्हणून ती रेडिओच्या पुढें न बसतां मागें जाऊन बसते. मागचें मूळचें पुठ्ठ्याचें झांकण वाळवीनें खाल्ल्यास बरींच वर्षें झालीं. परंतु रेडिओची पाठ भिंतीला लागलेली असे, त्यामुळें त्या झांकणाची उणीव कोणास भासली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत रेडिओ भिंतीपासून पुढें ओढला होता आणि सवयीनें चालूहि होता. मी मागें वळून पाहतों तों नातीचा हात मनगटापर्यंत पेटींत गेलेला! मी ओरडलों नाहीं. ओरडलों असतों तर दचकून तिचें बोट नको तेथें लागलें असतें. आधीं भिंतीवरचें बटण बंद केलें, मग तिचा हात धरून हळूच बाहेर काढला. बटण बंद केल्यानें संकट पुरतें टळलें होतें असेंहि नाहीं. अशा रेडिओंतील मोठे कंडेन्सर वीज तोडल्यावरहि कांहीं वेळ आपला सांठा धरून ठेवतात. हें मीं चाळीस मुलांच्या वर्गाला वर्षानुवर्षें शिकविलें, आणि माझ्याच घरांत तें उघडें पडलें होतें. त्या संध्याकाळीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी झांकणाच्या मागें लागलों. बीतभर रुंद आणि दीड हात लांब एवढें तें झांकण. पण तें नीट होण्यास चार महिने लागले, तीन झांकणें वायां गेलीं, आणि प्लॅस्टिक हा एक पदार्थ नसून परस्परांशीं न पटणारें एक मोठें खटलें आहे हें मला साठी उलटल्यावर कळलें. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे. आपल्या घरीं व्हॉल्वचा रेडिओ नसेल, परंतु इन्व्हर्टरच्या मागच्या उघड्या पट्ट्या, पाण्याच्या पंपाचा फुटलेला डबा, मुलानें हौसेनें बनविलेला ध्वनिवर्धक, यांपैकीं कांहींतरी असेल, आणि कोणीतरी आपणांस म्हणेल, "लेसरवर छानपैकीं प्लॅस्टिकचें झांकण कापून आणूं." तें आणावें, पण कोणत्या प्लॅस्टिकचें, हें विचारल्याशिवाय आणूं नये.

प्रथम आंत काय असतें तें पाहूं. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची म्हणतात. परंतु ही उलटसुलट वाहणारी वीज सेकंदांत पन्नास आवर्तनें करते आणि प्रत्येक आवर्तनांत तिचा दाब दोनदां, एकदां या दिशेस व एकदां त्या दिशेस, सुमारें ३२५ व्होल्टच्या शिखरावर पोंचतो. व्हॉल्वच्या रेडिओंत तिचें रूपांतर करून अडीचशें ते तीनशें व्होल्टची एकदिश वीज खेळविलेली असते. कांहीं जुन्या रेडिओंत, जे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालत, ट्रान्सफॉर्मर मुळींच नसे. त्यांचा आंतला लोखंडी सांगाडाच विजेच्या एका तारेस जोडलेला असे. प्लग उलटा बसला कीं सगळा सांगाडा जिवंत. अशा रेडिओची पाठ हा यंत्राचाच एक भाग होय. ती काढून ठेवणें म्हणजे विहिरीचा कठडा काढून ठेवण्यासारखें आहे.

मग पत्रा कां लावूं नये? लावतां येतो, परंतु पत्रा वीज वाहतो, तो वांकून आंतल्या एखाद्या टोकास टेकला तर झांकणच शॉक देईल, आणि म्हणून त्यास पक्की भूयोजना, म्हणजे अर्थिंगची तार, द्यावी लागते. जुन्या रेडिओच्या दोन पिनांच्या प्लगांत ती कोठून आणणार? तेव्हां झांकण वीज न वाहणाऱ्या पदार्थाचेंच हवें.

माझा एक जुना विद्यार्थी भोसरीस लेसरवर कापकाम करतो. लग्नपत्रिका, नांवाच्या पाट्या, यंत्रांचे सुटे भाग, सर्व कापतो. त्याच्या यंत्रांत कर्बद्विप्राणिल वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, लेसर आहे. हा लेसर १९६४ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत चंद्र कुमार नारणभाई पटेल यांनीं शोधून काढला, आणि हे पटेल १९३८ सालीं आपल्या बारामतीस जन्मले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकले. भोसरीच्या गाळ्यांतून आज जो किरण फिरतो त्याचा जनक शिवाजीनगरांतल्या महाविद्यालयांतून गेला होता ही गोष्ट मला फार रम्य वाटते, म्हणून वाटेंत थांबून सांगितली.

या किरणाचें मर्म असें कीं, तो डोळ्यांस दिसत नाहीं. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारें वीसपट. जें प्लॅस्टिक आपल्या दृष्टीस भिंगासारखें निर्मळ दिसतें, तें या किरणास कोळशाइतकें काळें असतें. तो किरण त्यांत शिरतांच शोषला जातो, सुईच्या टोकाएवढ्या जागीं प्रचंड उष्णता उत्पन्न होते आणि तेथील पदार्थ वितळतो, वाफ होऊन उडतो किंवा जळतो. या तीन क्रियापदांत सगळें रहस्य आहे. कोणतें प्लॅस्टिक वितळतें, कोणतें उडतें आणि कोणतें जळतें, यावरच झांकण चांगलें होणार कीं वाईट होणार हें ठरतें. (आजकाल घरोघरीं मिळणारे स्वस्त निळ्या प्रकाशाचे लेसर यांहून निराळे. त्यांचा किरण पारदर्शक शीटमधून सरळ पार निघून जातो व शीट जशीच्या तशी राहते.)

पहिलें झांकण ॲक्रिलिकचें झालें. लेसरवाल्यांचें तें लाडकें अपत्य आहे, आणि त्यास कारणहि आहे. ॲक्रिलिक हें एकाच लहान रेणूच्या लांब माळेचें बनलेलें असतें. किरण लागतांच ही माळ एका टोकापासून भराभर उसवते, मूळचा लहान रेणू वाफेच्या रूपानें उडून जातो, आणि मागें काजळी न राहतां कांचेसारखा चकचकीत कांठ राहतो. विद्युन्निरोधक म्हणूनहि तें उत्तम; एक मिलिमीटर जाडीस पंधरा हजार व्होल्ट तें सहज थोपवितें. माझ्या मुलानें मापें घेतलीं, विद्यार्थ्यानें दहा मिनिटांत झांकण कापून दिलें. "सर, पैसे कसले घेतां आहांत माझ्याकडून?" असें उलट मलाच विचारूं लागला, म्हणजे मी देत होतों ते तो घेईना. झांकण लावलें. आंतले व्हॉल्व जसेच्या तसे दिसत होते. नात खूष, मी खूष.

आठ दिवसांनीं पाहतों तों डाव्या बाजूस झांकणाला पोट सुटलेलें. त्या जागीं वीज एकदिश करणारा व्हॉल्व आहे आणि तो सर्वांत तापतो. चांगल्या तापलेल्या व्हॉल्वच्या कांचेचें उष्णमान दीडशें अंशांच्यावर जाऊं शकतें. ॲक्रिलिक शंभराच्या आसपासच मऊ पडूं लागतें. मीं झांकण लावलें होतें तें व्हॉल्वपासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर. त्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं तें स्वच्छ राहावें म्हणून स्पिरिटच्या बोळ्यानें पुसलें. लेसरनें कापलेल्या ॲक्रिलिकच्या कांठांत ताण कोंडलेला असतो. मद्यार्क लागतांच तो मोकळा होतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आंत धांवत जातात. त्याहि गेल्या. दोष त्यांचा नव्हे; साबणाच्या पाण्यानें पुसावें असें मीं सांगावयास हवें होतें, आणि तें मलाच ठाऊक नव्हतें.

पण पोट सुटणें व भेगा पडणें हे लहान दोष झाले. मोठा दोष माझ्या विद्यार्थ्यानें दाखविला. त्यानें त्याच झांकणाचा एक बोटभर तुकडा चिमट्यांत धरला, खालीं वाळूचें ताट ठेवलें आणि काडी लावली. काडी काढून घेतल्यावरहि तुकडा तडतडत, शांतपणें, टोकापर्यंत जळत राहिला. ॲक्रिलिकमध्यें पेटण्याचें सगळें साहित्य घरचेंच असतें. ज्या वाफेनें लेसरखालीं सुंदर कांठ होतो, तीच वाफ आगींत इंधन होते. इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील मॅन बेटावर डग्लस शहरीं समरलँड नांवाचें एक मोठें करमणूकगृह होतें. त्याच्या भिंतीचा व छपराचा मोठा भाग ॲक्रिलिकच्या तक्त्यांचा होता. २ ऑगस्ट १९७३ रोजीं बाहेरच्या एका लहान टपरीपासून लागलेली आग आंत शिरली आणि पन्नास माणसें दगावलीं. आमचें झांकण बीतभर रुंद, हें खरें. परंतु जेथें जुना कंडेन्सर फुटून ठिणगी पडूं शकते, त्याच्याच अंगावर आपण इंधनाचें पांघरूण घालावें काय?

जळण्याची ही परीक्षा पद्धतशीर घेतली जाते. अमेरिकेंतील एका परीक्षणसंस्थेनें घालून दिलेली 'यूएल ९४' नांवाची कसोटी आज जगभर मानतात. १२५ मिलिमीटर लांब व १३ मिलिमीटर रुंद पट्टी उभी टांगतात, खालीं कापूस पसरतात, आणि दहा सेकंद ज्योत लावून काढून घेतात. विझल्यावर पुन्हां दहा सेकंद लावतात. प्रत्येक वेळीं दहा सेकंदांच्या आंत जी पट्टी आपोआप विझते आणि जिच्यांतून कापूस पेटविणारे जळते थेंब पडत नाहींत, तिची इयत्ता 'व्ही-०'. तीस सेकंदांपर्यंत जळली तर 'व्ही-१'. तितकीच जळून वर थेंबांनीं कापूसहि पेटविला तर 'व्ही-२'. उभ्या परीक्षेस जी बसूंच शकत नाहीं, तिला आडवी धरून नुसती किती सावकाश जळते एवढेंच पाहतात, तो वर्ग 'एचबी'. ॲक्रिलिक या शेवटच्या वर्गांत बसतें. आमच्या शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर, वरच्या वर्गांत ढकललेला विद्यार्थी.

दुसऱ्या झांकणाची गोष्ट सांगतांना मला थोडी शरम वाटते. मीं विचार केला, न जळणारें प्लॅस्टिक कोणतें? विजेच्या तारांवरचें वेष्टन, पाण्याचे नळ, जाहिरातींचे फलक ज्याचे करतात ती हलकी फोमशीट, हें सर्व पीव्हीसी. तें आगींतून काढलें कीं विझतें, वीज वाहत नाहीं, आणि स्वस्त आहे. विद्यार्थ्यास पुन्हां त्रास नको म्हणून मी तक्ता घेऊन जवळच्याच दुसऱ्या एका दुकानीं गेलों. त्या गृहस्थांनीं तक्ता कशाचा हें विचारलें नाहीं, मींहि सांगितलें नाहीं. यंत्र सुरू होऊन मिनिट झालें नसेल तों घशांत आंबट तिखट असें कांहीं भरलें, डोळ्यांतून पाणी आलें, आणि आम्ही दोघेहि खोकत रस्त्यावर आलों. दुसऱ्या दिवसापर्यंत माझा आवाज बसला होता.

वस्तुतः हें गणित मी स्वतः फळ्यावर करून दाखविलें असतें. पीव्हीसीच्या वजनांत निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. त्याच्या प्रत्येक घटक रेणूचा भार ६२.५, आणि तापल्यावर त्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडचा भार ३६.५. म्हणजे शंभर ग्रॅम पीव्हीसी पुरतें उतरलें तर सुमारें ५८ ग्रॅमपर्यंत हा वायू निघूं शकतो. लोक म्हणतात क्लोरीन निघतो. मुख्यत्वें निघतो तो हा वायू, आणि तो ओलाव्यास भेटतांच मिठाचें तेजाब होतो. ओलावा कोठें असतो? डोळ्यांत, घशांत, फुप्फुसांत, आणि पावसाळ्यांत लोखंडाच्या प्रत्येक पृष्ठावर. म्हणून पीव्हीसी कापणाऱ्या यंत्राचे रूळ गंजतात, भिंगें अंध होतात, आणि यंत्राशेजारीं रोज उभा राहणारा कारागीर कोणत्या स्थितीस येत असेल तें सांगावयास नको. झांकण म्हणून पीव्हीसी वाईट नाहीं. करवतीनें कापलें तर तें पुष्कळ ठिकाणीं चालतें. लेसरखालीं मात्र तें कधींहि घालूं नये.

पण बाजारांत तक्त्याच्या अंगावर नांव लिहिलेलें नसतें, दुकानदारास पुष्कळदां ठाऊक नसतें, आणि वरून सर्वच पांढरें. मग ओळखावें कसें? यावर एक जुना उपाय आहे. रशियांत काम करणारे जर्मन वंशाचे रसायनज्ञ बाइलस्टाइन यांनीं तो १८७२ सालीं सांगितला. तांब्याची तार लांकडी मुठीस अडकवून ज्योतींत लाल होईपर्यंत आणि ज्योत रंगहीन होईपर्यंत तापवावी. ती तापलेली तार प्लॅस्टिकला टेकवावी म्हणजे किंचित् प्लॅस्टिक तिला लागतें. मग ती पुन्हां ज्योतींत धरावी. ज्योत हिरवीगार झाली तर त्या प्लॅस्टिकांत क्लोरीन किंवा त्याचा भाऊबंद ब्रोमीन आहे. कण राईएवढा घ्यावा, खिडकी उघडी ठेवावी, वास घेऊं नये. ही परीक्षा आणखी एका प्रकारें उपयोगी पडते: कित्येक प्लॅस्टिकांस आग लागूं नये म्हणून त्यांत ब्रोमीनचे पदार्थ घालतात, तीं प्लॅस्टिकेंहि तार उघडीं पाडते. फ्लोरीन मात्र या तारेस सांपडत नाहीं. टेफ्लॉनमध्यें तो असतो, आणि जळत्या टेफ्लॉनचा धूर अतिशय विषारी. तेव्हां टेफ्लॉन तारेच्या परीक्षेंत उतरलें तरी लेसरपासून दूरच ठेवावें.

तिसरें झांकण पॉलिकार्बोनेटचें. हेल्मेटच्या पुढच्या कांचा याच्या करतात. हातोड्यानें फुटत नाहीं. मऊ पडण्याची मर्यादा १४५ अंशांच्या पलीकडे, आणि आगीच्या परीक्षेंत ॲक्रिलिकपेक्षां पुष्कळ वरचा नंबर. योग्य जातीचें घेतलें तर 'व्ही-०' सुद्धां. तारेनें ज्योत हिरवी होत नाहीं, याचीहि खात्री करून घेतली. मला वाटलें, आतां संपलें. परंतु या पदार्थाची माळ उसवत नाहीं. ती किरणाखालीं करपते. अर्ध्या मिलिमीटरची पातळ शीट कशीबशी कापली जाते, जाड शीट पिवळी पडते, फुगते, मध्येंच पेटते, आणि कांठावर काळी काजळी बसते.

आमच्या मुलाचें म्हणणें, "बाबा, काळा कांठ दिसला तर दिसला, मागच्या बाजूस कोण पाहतो?" येथें मी अडलों, आणि श्रोत्यांनींहि येथें क्षणभर थांबावें. काजळी म्हणजे कर्ब, आणि कर्ब वीज वाहतो. आपण निरोधक म्हणून तक्ता आणला आणि त्याच्या कडेकडेनें, प्रत्येक भोंकाच्या कांठानें, विजेला चालावयास एक काळी पाऊलवाट आंखून दिली! प्रारंभीं ती तुटक असते. पावसाळ्यांत तीवर ओलावा व धूळ बसते, थोडी वीज झिरपते, झिरपतांना पृष्ठ तापतें, तापल्यानें आणखी करपतें, आणि वाट रुंद होत जाते. शेवटीं त्या वाटेनें आगच चालत येते. विजेच्या बाबतींत जाडीतून आरपार जाणारी वाट क्वचित् फसविते. फसविते ती पृष्ठावरून सरपटणारी.

हिचीहि परीक्षा आहे आणि ती मला फार आवडली, कारण ती शाळेच्या प्रयोगासारखी आहे. तक्त्यावर चार मिलिमीटर अंतरानें प्लॅटिनमचीं दोन टोकें टेकवितात, त्यांत विद्युद्दाब लावतात, आणि मध्यें नवसागराच्या अगदीं पातळ पाण्याचे, हजार भागांत एक भाग एवढ्या पातळ, पन्नास थेंब एकामागून एक पाडतात. ज्या दाबापर्यंत वाट पडत नाहीं तो त्या पदार्थाचा अंक. ॲक्रिलिक व पॉलिप्रॉपिलीन सहाशेंपर्यंत जातात. पॉलिकार्बोनेट एवढें बळकट, पण या परीक्षेंत बहुधा अडीचशेंच्या खालींच राहतें. आणि जुन्या बॅकेलाइटच्या जातीचा तपकिरी तक्ता, ज्यास विजेच्या दुकानांत हायलम म्हणतात, तो त्याहूनहि खालीं. याचा व्यवहारांत अर्थ असा कीं, अडीचशें व्होल्टच्या साध्या निरोधनास, घरांतल्यासारख्या बेताच्या धुळींत, वरच्या वर्गाच्या पदार्थावर सव्वा मिलिमीटर अंतर पुरतें, तर खालच्या वर्गाच्या पदार्थावर अडीच मिलिमीटर लागतें. हे आंकडे स्वच्छ पृष्ठाचे आहेत. काजळी बसलेल्या कांठास कोणी अंक दिलेला नाहीं.

पॉलिकार्बोनेट टाकाऊ नव्हे. तें करवतीनें किंवा राउटरनें कापावें, कडा कानशीनें घासाव्या, आणि निर्धास्त वापरावें. यंत्रास जें आवडतें तेंच आपण घ्यावें अशी कोठें शपथ घातलेली नाहीं. झांकण लेसरखालीं दहा मिनिटें राहणार आणि विजेशेजारीं वीस वर्षें. निवड वीस वर्षांकडे पाहून करावयाची, आणि यंत्र नाहीं म्हणालें तर यंत्र बदलावयाचें, पदार्थ नव्हे.

इतर मंडळींविषयीं थोडक्यांत सांगतों. एबीएस वितळून चिकटतें, काळा धूर करतें आणि जळत राहतें. ॲसिटल, ज्यास डेल्रिन म्हणून ओळखतात, फार स्वच्छ कापलें जातें. पण त्याची ज्योत डोळ्यांस दिसते न दिसते अशी आणि वाफेंत फॉर्माल्डिहाइड. कांचतंतूंचा हिरवा तक्ता, ज्यावर इलेक्ट्रॉनिक मंडलें छापतात, तो लेसरखालीं करपतो आणि त्यांत बहुधा ब्रोमीन असतो. मोटर गुंडाळणाऱ्यांकडे मिळणारा लेदरॉइड कागद मात्र तुच्छ समजूं नये. तो मऊ पडत नाहीं, वितळून थेंब पाडीत नाहीं, लेसरखालीं झटकन् कापला जातो. जुन्या रेडिओच्या पाठी अशाच दाबलेल्या पुठ्ठ्याच्या असत त्या उगाच नव्हेत. त्याची खोड एकच, तो दमट हवेंत पाणी पितो, आणि आमच्या घरीं वाळवीचा अनुभव ताजा होता.

शेवटीं ज्याला यश आलें तें पॉलिप्रॉपिलीन. आपण त्यास रोज हाताळतों. शांपूच्या बाटलीचें झांकण एका पातळ पट्टीवर हजारों वेळां उघडतें मिटतें आणि तुटत नाहीं, तें याचेंच. साधें पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतें, १६० अंशांच्या पुढें वितळतें, पण मेणबत्तीसारखें जळतें, तें नको. ज्वालारोधक जातीच्या शीट मिळतात, विजेच्या उपकरणांच्या आंत घडी घालून बसविण्यासाठींच त्या बनवितात. त्यांतहि क्लोरीन व ब्रोमीन नसलेली जात मागावी. दुकानदारानें तोंडी "व्ही-झिरो आहे" म्हटलें तर माहितीपत्रक मागावें, आणि इयत्ता कोणत्या जाडीस दिली आहे तें पाहावें. कारण तीन मिलिमीटरला जी शीट उत्तीर्ण होते ती पाऊण मिलिमीटरला नापास होऊं शकते. आम्हीं पत्रक पाहिलें, तांब्याची तार लावली, वाळूच्या ताटावर काडी लावली. काडी काढतांच ज्योत विझली.

लेसरखालीं याचा कांठ ॲक्रिलिकसारखा देखणा येत नाहीं. किंचित् वितळून गोल होतो, बोटाला वरंबा लागतो. पण काळा होत नाहीं. घडीच्या जागीं किरण हलका फिरवून अर्धवट रेघ ओढली कीं तेथें शीट सरळ दुमडते. म्हणून सपाट झांकणाऐवजीं आम्हीं उथळ पेटीच्या आकाराचें केलें, आणि तें तापणाऱ्या व्हॉल्वपासून चार बोटें मागें राहिलें. शाळेंतून आणलेला उष्णमापक आंत बांधून दोन तास रेडिओ चालविला. झांकणाच्या आंतल्या अंगास पारा साठाच्या वर गेला नाहीं. भोंकें खालच्या व वरच्या अशा दोन्ही अंगांस पाडलीं, म्हणजे गार हवा खालून येते आणि तापलेली वरून जाते; एकाच अंगास पाडलीं तर उष्णता कोंडून राहते.

जाडीविषयीं लोक फार भितात. विजेला अडवावयास केंसाएवढी जाडी पुरते. जाडी लागते ती बोटाच्या दाबास, पडणाऱ्या वस्तूस आणि वर्षानुवर्षांच्या झिजेस. दुहेरी सुरक्षिततेच्या जागीं एकेरी तक्ता ०.४ मिलिमीटरहून पातळ नसावा असा आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे; आम्हीं त्याच्या दुप्पट घेतली. भोंकांचें माप ही मात्र भिण्यासारखी गोष्ट. परीक्षेचें प्रमाणित बोट बारा मिलिमीटर व्यासाचें असतें. तें प्रौढाचें बोट. लहान मुलांसाठीं निराळें कृत्रिम बोट आहे, ८.६ मिलिमीटरचें, आणि तीन वर्षांखालील बालकांसाठीं ५.६ मिलिमीटरचें. आमच्या नातीची करंगळी मीं कॅलिपरनें मोजली, तिला तो खेळ वाटला. भोंकें चार मिलिमीटरचीं पाडलीं. विणकामाची सुई त्यांतून अजूनहि जाईल, म्हणून भोंकांच्या नेमक्या मागें कोणतेंहि उघडें टोक येणार नाहीं अशी त्यांची जागा धरली. स्क्रू लांकडी पेटींतच बसविले. आंतल्या लोखंडी सांगाड्यास धातूचा स्क्रू लावून त्याचें डोकें बाहेर ठेवलें असतें तर सगळा उद्योग व्यर्थ झाला असता. झांकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलें आहे: प्लग काढल्यावर कंडेन्सर मोजून पाहिल्याशिवाय उघडूं नये.

शीट काळी आहे. पारदर्शक ज्वालारोधक पॉलिप्रॉपिलीन आम्हांस मिळालें नाहीं. झांकण बसलें त्या संध्याकाळीं नात मागें जाऊन उभी राहिली आणि तोंड वेडेंवांकडें करून म्हणाली, "आजोबा, दिवा कुठें गेला?" मीं खोलींतला दिवा मालवला. काळ्या झांकणावर भोंकाभोंकांतून तांबूस ठिपके उमटले होते. ती ते मोजूं लागली. तिला वीसपर्यंतच आंकडे येतात, आणि भोंकें एकशें बारा आहेत, म्हणून ती वीस झाले कीं पुन्हां एकापासून सुरुवात करते.